हॉर्सटेल वनस्पती : गुण किती, गवगवा किती?



आज आपण एका परदेशी वनस्पतीविषयी बोलणार आहोत. तिचे नाव हॉर्सटेल. तुम्ही म्हणाल, आपल्या बांधावर औषधी झाडपाला काय कमी आहे, की साता समुद्रापलीकडच्या वनस्पतीची चौकशी करत बसावे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे असे आहे की, ही वनस्पती आपल्या शेतात नसली, तरी तिचे नाव आता आपल्या घरात येऊन पोचले आहे. केसांच्या गोळ्या, हाडे बळकट करणारी पूड, लघवी साफ होण्यासाठीचा चहा, अशा कितीतरी डब्यांवर हे नाव छापलेले असते. शिवाय पिकावरची बुरशी घालवणारा काढा म्हणूनही तिची तारीफ मोबाइलवर फिरत असते. अशा वेळी घरातले कोणी तरी विचारतेच, "अहो, हे आणायचं का?"

तेव्हा आपण चार प्रश्न घेऊ. माणसाने ही वनस्पती औषध म्हणून घ्यावी का? जनावराच्या चाऱ्यात ती आली तर काय होते? पिकावर तिचा काढा फवारावा का? आणि आपल्या शेतात ती लावावी का? चारही प्रश्नांवर जगात संशोधन झालेले आहे. ते काय सांगते, ते आपण सोप्या भाषेत पाहू.

वनस्पतीची ओळख

हॉर्सटेल म्हणजे घोड्याची शेपटी. शास्त्रीय नाव इक्विसेटम. लॅटिन भाषेत ‘इक्वस’ म्हणजे घोडा आणि ‘सेटा’ म्हणजे राठ केस. आपल्याकडे कोणी कोणी तिला अश्वपुच्छ असेही म्हणतात. तिच्या सुमारे १५ ते १८ जाती आहेत. त्यांतली औषधात वापरतात ती जात म्हणजे इक्विसेटम अर्व्हेन्स. ही युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका इथल्या थंड प्रदेशात ओलसर जागी, शेताच्या कडेला, रेल्वेच्या भरावावर माजते. आपल्या देशात हिमालयाच्या थंड पट्ट्यात ती सापडते.

दिसायला कशी? वीतभर ते हातभर उंच, हिरवे, पोकळ खोड. त्याला उसासारखी पेरे. प्रत्येक पेराच्या सांध्यावर दातेरी कडांचे आवरण आणि तिथूनच चहूबाजूंनी फुटलेल्या बारीक सुतासारख्या फांद्या. लांबून पाहिले तर चवरी उभी केल्यासारखे वाटते. पाने नावापुरतीच. अन्न तयार करण्याचे काम खोडच करते. हिला फूल नाही, फळ नाही, बी नाही. नेच्याप्रमाणे ही बीजाणूंवर वाढते. वसंत ऋतूत आधी फिकट बदामी रंगाचे, टोकाला बोंडासारखा शंकू असलेले खोड वर येते. बीजाणू सांडले की ते सुकते. त्यानंतर हिरवी खोडे येतात. औषधासाठी वापरतात ती ही हिरवी खोडे.

तिच्या बीजाणूंची एक गंमत सांगतो. प्रत्येक बीजाणूला चार फितींसारखे पाय असतात. हवा दमट झाली की ते गुंडाळतात, कोरडी झाली की उलगडतात. या हालचालीमुळे बीजाणू जमिनीवर चालतात आणि चक्क उड्याही मारतात, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले.

हे कूळ फार प्राचीन आहे, बरं का. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी या वनस्पतीचे भाऊबंद ३० मीटरपर्यंत उंच वाढणारे वृक्ष होते. युरोप-अमेरिकेतील दगडी कोळशाच्या खाणी ज्या जंगलांपासून झाल्या, त्यांत या वृक्षांचाही वाटा आहे. आज त्या मोठ्या घराण्यातली ही एकच प्रजाती उरली आहे.

सगळी चर्चा ‘सिलिका’ची

हॉर्सटेलचे खोड बोटांत चोळले तर कानशीसारखे खरखरीत लागते. जर्मनीत पूर्वी कथलाची भांडी घासायला हिचा उपयोग करीत. म्हणून तिकडे तिला ‘कथलाची वनस्पती’ असेच नाव पडले. जपानमध्ये हिच्याच एका जातीने लाकूड घासून गुळगुळीत करतात. आपल्याकडे राख आणि काथ्या जे काम करतात, ते तिकडे हॉर्सटेल करीत आली.

हा खरखरीतपणा येतो तो सिलिकामुळे. सिलिका म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्य. वाळलेल्या हॉर्सटेलमध्ये साधारण ५ ते ८ टक्के सिलिका असते. ही वनस्पती जमिनीतून ती इतक्या जोमाने ओढते की सिलिकॉन मुळीच दिले नाही तर तिची वाढच नीट होत नाही, हे १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले.

सिलिकाखेरीज हिच्यात पोटॅशियमचे क्षार आणि क्वेर्सेटिन, केम्फेरॉल यांसारखी फ्लेव्होनॉइड गटातली द्रव्ये असतात. औषधी गुणांचे श्रेय काही शास्त्रज्ञ सिलिकाला देतात, काही या फ्लेव्होनॉइडना. पण सिलिका आहे म्हणजे ती हाडात आणि केसात जाऊन बसते, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. तसे असते तर वाळू चघळूनही हाडे बळकट झाली असती!

प्रश्न पहिला : माणसाने घ्यावी का?

युरोपात ही वनस्पती औषध म्हणून फार जुन्या काळापासून वापरात आहे. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी तिचा पुन्हा मोठा प्रसार केला. लघवी साफ होणे, जखम भरणे, रक्तस्राव थांबणे, हे तिचे परंपरेने सांगितलेले उपयोग.

आता संशोधनाकडे वळू. त्यात पायऱ्या असतात, आणि त्या तुम्हाला शेतीतून चांगल्या ठाऊक आहेत. एखादे नवे वाण निघाले तर आधी कुंडीत पाहतात, मग विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, आणि शेवटी शेतकऱ्याच्या शेतावर. कुंडीत चांगले आले म्हणून कोणी दहा एकर पेरीत नाही. औषधाचेही तसेच. काचेच्या नळीतला प्रयोग ही पहिली पायरी. उंदरावरचा प्रयोग ही दुसरी. आणि माणसांवरची काटेकोर चाचणी ही तिसरी. हॉर्सटेलचे बरेचसे संशोधन पहिल्या दोन पायऱ्यांवर आहे, ही गोष्ट मनात धरून पुढचे ऐका.

लघवीच्या बाबतीत मात्र तिसऱ्या पायरीवरचा एक चांगला प्रयोग आहे. तो ब्राझीलमध्ये झाला आणि २०१४ साली प्रसिद्ध झाला. ३६ निरोगी पुरुषांना आळीपाळीने तीन गोष्टी दिल्या : एकदा हॉर्सटेलचा कोरडा अर्क, रोज ९०० मिलिग्रॅम, एकदा डॉक्टर लघवी होण्यासाठी देतात ती हायड्रोक्लोरोथायझाइड ही गोळी, २५ मिलिग्रॅम, आणि एकदा नुसते मक्याचे पीठ. कोणाला केव्हा काय दिले, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि मोजणाऱ्यालाही नव्हते. म्हणजे मनाचा खेळ बाजूला राहिला. निष्कर्ष असा की, हॉर्सटेलने लघवीचे प्रमाण पिठापेक्षा वाढले आणि गोळीच्या बरोबरीने वाढले. शरीरातले क्षारही त्यामुळे फारसे जास्त बाहेर गेले नाहीत.

म्हणजे परंपरेने सांगितलेली गोष्ट या चाचणीत खरी उतरली. पण तिची मर्यादाही पाहा. माणसे निरोगी होती, आणि प्रत्येक औषध चारच दिवस दिले होते. आजारी माणसावर, महिनोन् महिने घेतल्यावर काय होते, ते या प्रयोगाने सांगितलेले नाही.

जखमेच्या बाबतीत इराणमधील एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणात टाके पडलेल्या १०८ स्त्रियांपैकी काहींना ३ टक्के हॉर्सटेल असलेले मलम आणि काहींना औषधाविना मलम दहा दिवस लावायला दिले. हॉर्सटेलच्या मलमाने जखम लवकर भरली आणि वेदना कमी झाल्या, असे आढळले. हे आशादायक आहे. मात्र ते मलम प्रयोगशाळेत, शुद्ध स्वरूपात तयार केलेले होते. घरी पाला वाटून बाळंतिणीच्या जखमेवर लावणे ही गोष्ट वेगळी. त्यातून जंतूंचा संसर्ग होईल. तसे कदापि करू नये.

हाडांविषयी पोर्तुगालमधील शास्त्रज्ञांनी २०१२ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. हॉर्सटेलच्या अर्काने हाड बांधणाऱ्या पेशींना चालना मिळते आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना आळा बसतो, असे त्यांत दिसले. पण हे सारे काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर. म्हणजे अजून कुंडीतच! तेवढ्यावरून पाय मोडलेल्या माणसाला किंवा हाडे ठिसूळ झालेल्या आजीला याची पूड द्यावी, असे म्हणता येणार नाही.

इथे एक घोटाळा होतो, तो सांगून ठेवतो. हाडसांधी, म्हणजे आपली कांडवेल, हिलाही पेरे असतात. पण कांडवेल ही फुले-फळे येणारी, द्राक्षाच्या कुळातली वेल आहे. हॉर्सटेलशी तिचे काही नाते नाही. कांडवेलीच्या मोडलेल्या हाडावरच्या परिणामाचा अभ्यास बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. उडुपा आणि डॉ. प्रसाद यांनी १९६० नंतरच्या दशकात केला होता. तो कांडवेलीचा अभ्यास, हॉर्सटेलचा नव्हे. एकीचा दाखला दुसरीला चिकटवू नये.

राहता राहिले केस. केसांच्या गोळीत हॉर्सटेलबरोबर जस्त असते, लोह असते, जीवनसत्त्वे असतात, आणखीही पाच-दहा गोष्टी असतात. समजा, तुम्ही कपाशीला युरिया दिला, सुपर फॉस्फेट दिले, पाणी दिले आणि वर एक टॉनिकही फवारले. पीक तरारले. मग ते कशाने तरारले? टॉनिकवाला म्हणणार, माझ्या टॉनिकने! तसाच हा प्रकार आहे. एकट्या हॉर्सटेलने केस वाढतात, हे सिद्ध करणारा भरवशाचा पुरावा नाही. केस फार गळत असतील तर आधी रक्त कमी आहे का, थायरॉइडचा त्रास आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. खेड्यातल्या पुष्कळ बायकांच्या केस गळण्यामागे अंगात लोह कमी असणे हे कारण असते. त्यावर उपाय स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळतो.

युरोपातील औषधांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, म्हणजे युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने, या सगळ्याचा विचार करून २०१६ साली जे सुधारित टिपण काढले, त्यात दोनच उपयोग मान्य केले आहेत. एक, लघवीच्या किरकोळ तक्रारींत लघवीचे प्रमाण वाढवून मार्ग धुऊन काढण्यासाठी इतर उपचारांच्या जोडीने. दुसरा, वरवरच्या जखमेला बाहेरून लावण्यासाठी. आणि हे दोन्हीही दीर्घ काळच्या वापराच्या आधारावर मान्य केलेले आहेत, पुरेशा चाचण्यांच्या आधारावर नव्हे. केस, हाडे, मधुमेह यांचा त्या मान्य उपयोगांत समावेश नाही. मुतखडा विरघळतो, असेही त्यात म्हटलेले नाही.

मुतखड्याविषयी दोन शब्द जास्त बोलतो, कारण इथे जिवाशी गाठ असते. उन्हातान्हात राबणारा माणूस पाणी कमी पितो आणि मुतखड्याचा त्रास त्याला होतो. खूप लघवी झाली तर बारीक खर निघून जाऊ शकते, हे खरे. पण त्यासाठी पहिले औषध म्हणजे पाणी. खडा मोठा असला, मार्गात अडकला, तर कोणताही काढा त्याला विरघळवीत बसणार नाही. मागे मूत्रपिंडावर ताण येतो, ते सुजते, त्यात पू होतो. थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेले, लघवी अडली किंवा कमरेतली कळ थांबेना, तर चहा-काढ्यात एक दिवसही घालवू नका. सरळ दवाखाना गाठा. लक्षणे किरकोळ असली तरी आठवड्यापलीकडे राहिली तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

आणखी काही पथ्ये. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा मोठा विकार आहे आणि डॉक्टरांनी पाणी बेताने प्यायला सांगितले आहे, त्यांनी हॉर्सटेल घेऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये. १२ वर्षांखालील मुलांना पोटात देऊ नये. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील, किंवा मानसिक आजारासाठी लिथियम चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून हात लावू नये. नेमाने दारू पिणाऱ्या माणसाच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व आधीच कमी असते. त्यानेही यापासून दूर राहावे. याचे कारण पुढच्या प्रश्नात येते.

प्रश्न दुसरा : जनावरांचे काय?

नाव घोड्याच्या शेपटीचे असले तरी घोड्याला ही वनस्पती घातक आहे. हिच्यात थायमिनेज नावाचे द्रव्य असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. युरोप-अमेरिकेत वाळलेल्या गवतात ही वनस्पती मोठ्या प्रमाणात मिसळली गेली आणि ते गवत घोड्यांना काही आठवडे खायला मिळाले, तर घोडे खंगतात, मागचे पाय लटपटतात, चाल बिघडते, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर घोडा आडवा होऊन मरतो. विशेष म्हणजे सुरुवातीला त्याचे खाणे चांगले असते, त्यामुळे मालकाला संशय येत नाही. लवकर ओळखले, गवत बदलले आणि पशुवैद्याने ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, तर घोडा बरा होतो. वाळवल्याने हा दोष जात नाही, हे ध्यानात घ्या. उकळल्याने मात्र थायमिनेज निकामी होते.

गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्म जंतू ब-१ जीवनसत्त्व स्वतः तयार करतात, म्हणून त्यांना थायमिनेजचा त्रास कमी. पण हिचीच एक सख्खी बहीण आहे, दलदलीतली इक्विसेटम पालुस्ट्रे. तिच्यात पालुस्ट्रीन नावाचे विषारी अल्कलॉइड असते. ती गाईंच्या खाण्यात गेली तर जुलाब लागतात, दूध आटते, जनावर वाळत जाते. उत्तर जर्मनीतले गवळी या तणाला फार भितात.

आणि या दोघी बहिणी दिसायला इतक्या सारख्या की औषधासाठी तोडणी करताना एकीत दुसरी मिसळली जाते. जाणकार माणूस असे ओळखतो : औषधी जातीत बाजूच्या फांदीचे पहिले पेर शेजारच्या खोडावरील आवरणापेक्षा लांब असते; विषारी जातीत ते आखूड असते. पण पूड झाल्यावर हे कोण पाहणार? म्हणूनच, ज्यावर वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला नाही, अशी सुटी पूड बाजारातून घेऊ नये.

प्रश्न तिसरा : पिकावर फवारावी का?

१९२४ साली रुडॉल्फ स्टायनर यांनी जी शेतीविषयक व्याख्याने दिली, त्यांतून पुढे बायोडायनॅमिक शेतीची पद्धत निघाली. बुरशीजन्य रोगांवर हॉर्सटेलचा काढा वापरण्याची सूचना त्यांत होती. पुढे २०१४ साली युरोपीय संघाने या काढ्याला पीक संरक्षणातील ‘मूलभूत पदार्थ’ म्हणून मान्यता दिली. या वर्गात मान्यता मिळालेला तो पहिलाच पदार्थ. त्यांची कृती अशी : २०० ग्रॅम वाळलेली वनस्पती १० लिटर पाण्यात अर्धा तास भिजवायची, मग पाऊण तास उकळायची, थंड झाल्यावर बारीक गाळायची आणि दहापट पाणी घालून फवारायची. सफरचंदावरची खपली, काकडीवरची भुरी, द्राक्षावरची भुरी आणि केवडा, यांसाठी ती सांगितली आहे.

मग आपण द्राक्षावर मारावी का? इथे एक बारकावा आहे. ‘मूलभूत पदार्थ’ या वर्गात मान्यता देताना तो पदार्थ माणसाला व निसर्गाला अपायकारक नाही, हे मुख्यतः पाहतात. रासायनिक औषधाइतकी त्याची रोगावरची ताकद तपासली जातेच, असे नाही. हा काढा रोग येण्यापूर्वी आधार देणारा आहे, रोग पसरल्यावर मारणारा नाही. फुलोऱ्यात पाऊस लागला, केवडा घडात शिरला आणि आपण फक्त काढ्यावर विसंबून राहिलो, तर हंगाम हातचा जाईल. कर्ज मात्र हातात राहील. द्राक्षावर काय आणि केव्हा मारायचे, यासाठी कृषी विद्यापीठाची आणि पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस पाहावी.

परदेशातून आले म्हणून नाकारावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. आपले बोर्डो मिश्रण तरी कुठले? १८८० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागांत ते गुणकारी ठरले आणि आज आपल्या सुपारीच्या बागेतही ते घरचे झाले आहे. ते कसोटीला उतरले म्हणून टिकले. हॉर्सटेलनेही तशी कसोटी आपल्या हवामानात द्यावी, एवढेच.

आपल्याकडे काही बायोडायनॅमिक शेतकरी हॉर्सटेल मिळत नाही म्हणून तिच्याऐवजी सुरूच्या सुया उकळून वापरतात. कोकण किनाऱ्यावर सुरूची बने तुम्ही पाहिली असतीलच. सुरूच्या शास्त्रीय नावात ‘इक्विसेटिफोलिया’ हा शब्द आहे, म्हणजे हॉर्सटेलसारख्या पानांची. सुरूच्या सुईलाही बारीक पेरे असतात. पण साम्य इथेच संपते. सुरू हा फुले येणारा वृक्ष, त्याचे कूळ निराळे. तेव्हा हॉर्सटेलविषयीचे संशोधन सुरूला लागू होत नाही. आणि सुरूचा काढा हॉर्सटेल समजून कोणी पिऊ नये.

सिलिका हवी, तर ती आपल्या दारात आहे

आता एक कामाची गोष्ट सांगतो. हॉर्सटेलप्रमाणेच सिलिका भरभरून घेणारे पीक आपल्याकडे आहे, ते म्हणजे भात. भाताची मुळे सिलिका कशी आत घेतात, त्याची किल्ली असलेला जनुक जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली शोधला. पुढे २०१२ साली कॅनडातील शास्त्रज्ञांना त्याच जातकुळीतले जनुक हॉर्सटेलमध्ये सापडले.

सिलिका मिळाली की भाताचे खोड ताठ राहते, पीक लोळत नाही आणि करपा कमी पडतो. जपानने १९५५ पासूनच सिलिकायुक्त खताला मान्यता दिली. आपल्याकडे डॉ. नारायण सावंत यांनी रूढ केलेल्या चारसूत्री भातशेतीतले पहिले सूत्र हेच आहे : भाताच्या अवशेषांचा फेरवापर. रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मातीत मिसळावी. आणि पहिल्या नांगरणीच्या वेळी हेक्टरी दोन टन पेंढा जमिनीत गाडावा. गिरणीच्या मागे जी राख उकिरड्यावर जाते, तिच्यात बहुतांश सिलिकाच असते. परदेशी वनस्पतीच्या सिलिकेसाठी पैसे मोजायचे आणि घरची राख वाऱ्यावर सोडायची, हा उफराटा व्यवहार झाला.

प्रश्न चौथा : शेतात लावावी का?

याचे उत्तर स्पष्ट आहे. लावू नये. लव्हाळा, हराळी आणि कुंदा यांनी आपल्याला किती पिढ्या छळले, ते तुम्हाला सांगायला नको. हॉर्सटेल त्याच गोत्रातली समजा. हिची जमिनीखालची खोडे दीड मीटर किंवा त्याहूनही खोल जातात. त्यांना लव्हाळ्यासारख्या गाठी असतात. नांगराने तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो. तणनाशक खरखरीत खोडावर नीट लागत नाही. न्यूझीलंडने तर या वनस्पतीला नको असलेल्या तणांच्या यादीत घातले आहे. शिवाय तिला थंड हवा आणि ओल लागते. आपल्या उन्हात ती तगली नाही तर पैसा गेला, आणि पाटाच्या कडेला तगली तर जमीन गेली.

कोणी दारात येऊन म्हणाला, "रोपे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ," तर घाई करू नका. औषधी पिकांत बेणे महागात घेतले आणि पुढे गिऱ्हाईक मिळाले नाही, असे अनुभव पुष्कळांनी घेतले आहेत. करार लेखी मागा. भाव, प्रत आणि मुदत त्यात लिहून घ्या. कृषी अधिकाऱ्याला दाखवा. २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ कोणत्या वनस्पतींना प्रोत्साहन देते, ते विचारा. औषधी पीक करायचेच असेल, तर शतावरी, अश्वगंधा, अडुळसा यांसारखी आपल्या मातीत येणारी आणि आपल्या वैद्यांना लागणारी पिके आधी पाहावीत.

ध्यानात ठेवण्यासारख्या गोष्टी

१. हॉर्सटेलने लघवीचे प्रमाण वाढते, याला माणसांवरील चाचणीचा आधार आहे. केस आणि हाडे यांबाबत तसा भक्कम आधार नाही.

२. मुतखड्यात ताप, रक्त, लघवी अडणे किंवा न थांबणारी कळ असेल तर लगेच दवाखान्यात जावे.

३. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, १२ वर्षांखालील मुले, आणि हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी ती घेऊ नये. इतर औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे.

४. घोड्यांच्या आणि गाई-म्हशींच्या चाऱ्यात ही वनस्पती येऊ देऊ नये.

५. काढ्याच्या भरवशावर शिफारस केलेल्या फवारण्या थांबवू नयेत.

६. शेतात लावू नये. भातासाठी सिलिका हवी असेल तर तुसाची राख आणि पेंढा वापरावा.

बंधू-भगिनींनो, कोणतीही वनस्पती परदेशी म्हणून टाकाऊ नसते आणि डब्यावर चित्र छान आहे म्हणून गुणकारीही ठरत नाही. बियाणे घेताना आपण उगवण तपासतो, बैल घेताना दात पाहतो. औषध घेताना तेवढीच चौकशी करावी. ती कोणावर पारखली, किती जणांवर, किती दिवस, हे तीन प्रश्न विचारले तरी निम्मी फसगत टळते.

नमस्कार.